मर रोग आणि मुळांभोवतीचे जीवाणू

हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतात, जमिनीत ओल असतानाही झाडे माना टाकून उभ्याने वाळू लागली, की शेतकरी ‘मर लागली’ असे म्हणतो. वनस्पतिरोगशास्त्राने हाच शब्द उचलून ‘मर रोग’ ही संज्ञा रूढ केली. संज्ञा नेटकी आहे. परंतु रोग ‘मर’ म्हटल्यावर उपाय म्हणजे मारणाऱ्यास मारणारे काही द्रव्य, असे मानण्याकडे मनाचा कल होतो, आणि विक्रीच्या पुड्यांवरील ‘जैविक बुरशीनाशक’ हा शब्द त्या समजुतीस बळकटी देतो. हितकारक जीवाणूंचे कार्य या ‘नाशक’ पदात पुरते मावत नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

हरभऱ्यावरील मर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे, तर तुरीवरील मर तिच्याच गणातील फ्युजेरियम उडममुळे होते. पीक नसतानाही जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपाने ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. जवळ मूळ आले, की त्यातून पाझरणाऱ्या शर्करादी द्रव्यांनी बीजाणू अंकुरतो, मुळात शिरतो आणि काष्ठवाहिन्यांत पसरतो. वाहिन्या तुंबतात, पाणी वर चढेनासे होते. रोगट खोड उभे चिरले असता आत तपकिरी-काळी रेघ दिसते ती याचीच खूण. बुरशी एकदा वाहिनीत पोचली, की पानांवरील फवारणीचा उपयोग होत नाही. सबब जो काही प्रतिकार व्हावयाचा तो मुळाच्या पृष्ठभागी, आणि बुरशी आत शिरण्यापूर्वीच, झाला पाहिजे.

मुळाभोवतीच्या या अरुंद पट्ट्यास जर्मन संशोधक लोरेन्ट्स हिल्टनर याने १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. मराठीत त्यास ‘मूलपरिवेश’ म्हणता येईल. येथे जीवाणूंची दाटी उर्वरित मातीपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण मुळातून पाझरणारे अन्न येथेच मिळते.

काही जमिनींत फ्युजेरियम असूनही मर फैलावत नाही, असे पूर्वीच लक्षात आले होते. फ्रान्समधील शातोरेनार येथील माती याविषयी प्रसिद्ध आहे. ती वाफेने तापविली असता हा गुण नष्ट होतो. उलट तिचा थोडा अंश रोगप्रवण मातीत मिसळला, तर तो गुण त्या मातीतही उतरतो. अर्थात् हा गुण सजीवांचा होय. अशीच एक माती कॅलिफोर्नियातील सॅलिनस खोऱ्यात आहे, आणि तिच्या अभ्यासातून या विषयातील सर्वांत उद्बोधक गोष्ट पुढे आली. ती लोहाविषयीची आहे.

अल्कधर्मी मातीत लोह विपुल असले तरी ते अविद्राव्य स्थितीत असते. सूडोमोनास जातीचे काही जीवाणू पिवळसर-हिरवे, चकाकणारे द्रव्य स्रवतात. ते लोहास घट्ट पकडते, आणि पकडलेले लोह जीवाणू परत आत घेतो. शास्त्रज्ञ अशा द्रव्यास ग्रीक शब्दांवरून ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. बुरशीचेही स्वतःचे लोहवाहक असतात, परंतु त्यांची पकड दुबळी. परिणामी बीजाणूचा अंकुर लोहाअभावी खुंटतो. या उपपत्तीस कोलोरॅडोत शेर व बेकर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी मोठा आधार दिला. जीवाणू न घालता केवळ कृत्रिम लोहबंधक द्रव्य मातीत घातले, तरी मर कमी झाली. म्हणजे येथे बुरशी मारली जात नाही, ती उपाशी ठेवली जाते. आणि माती आम्लधर्मी होऊन लोह सुटे झाले, की ही उपासमार टळते. आपल्याकडील काळ्या जमिनी बहुधा अल्कधर्मी, पुष्कळदा चुनखडीयुक्त असतात. तेथे ही यंत्रणा चालण्यास वाव आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत तिच्याकडून तेवढीच अपेक्षा धरणे सयुक्तिक ठरणार नाही.

दुसरी यंत्रणा याहून विस्मयकारक आहे. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी कार्नेशनच्या मुळांना जीवाणू लावले आणि बुरशी मात्र खोडात टोचली. दोहोंची भेट होणे शक्य नव्हते, तरी मर कमी झाली. जीवाणूच्या स्पर्शाने वनस्पतीचीच संरक्षणशक्ती जागृत झाली होती. काही जीवाणू प्रतिजैविकेही स्रवतात, आणि तेवढ्यापुरते ‘नाशक’ पद खरे आहे. एकच जीवाणू यांपैकी एकाहून अधिक मार्ग अवलंबितो, असेही आढळते.

शब्दाची ही चर्चा केवळ पांडित्याची नव्हे. ‘नाशक’ म्हणून विकत घेतलेली पुडी शेतकरी झाडे वाळू लागल्यावर मुळाशी ओततो. तोवर बुरशी वाहिन्यांत पोचलेली असते, आणि पैसे व पीक दोन्ही जातात. कोइमतूर येथे हरभऱ्याच्या मरीसाठी सूडोमोनास फ्लुरोसेन्सची शंखजिऱ्याच्या भुकटीतील मिश्रणे तयार करण्यात आली व ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी भुकटी पेरणीपूर्वी बियाण्यास चोळतात ती याच कारणासाठी: बुरशी येण्यापूर्वी मुळावरील जागा जीवाणूने व्यापावी. रासायनिक बीजप्रक्रिया करावयाची असल्यास ती आधी आणि जीवाणूंची शेवटी, असा क्रम पाळतात. भुकटीतील जीवाणू सजीव असल्याने उन्हात ठेवलेली किंवा मुदत उलटलेली पुडी निरुपयोगी होते.

जाता जाता, याच दुकानात याच नावाखाली मिळणारा ट्रायकोडर्मा हा जीवाणू नसून स्वतः बुरशीच आहे. तो इतर बुरशींच्या तंतूंना विळखा घालून त्यांचे कवच विरघळवितो. त्यास ‘बुरशीनाशक’ म्हणण्यास हरकत नाही.