कुणी दिलं, कुणाला, कधी

नोव्हेंबर २०११. जिनिव्हात सोदबीजच्या लिलावात सोन्याचं एक रोलेक्स विक्रीला येणार होतं. त्याच्या तबकडीवर भारताचा नकाशा होता आणि तारीख होती २६ जानेवारी १९५०. प्रजासत्ताक दिनाची आठवण म्हणून हे घड्याळ घडवलं गेलं होतं आणि ते पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांचं होतं. दिल्लीतून निवृत्त झाल्यावर राजेंद्रबाबू पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहिले आणि १९६३ साली वारले. पुढच्याच वर्षी आश्रमात चोरी झाली आणि घड्याळ नाहीसं झालं. ते पुन्हा दिसलं सत्तेचाळीस वर्षांनी, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये. भारत सरकारने हरकत घेतल्यावर सोदबीजने ते विक्रीतून मागे घेतलं.

नकाशा आणि तारीख वगळली तर ते त्या काळातलं एक चांगलं, महागडं रोलेक्स होतं. तशी रोलेक्स बाजारात आजही मिळतात. एक सरकार आणि एक लिलावघर त्याच्यासाठी कामाला लागलं, याचं कारण त्याच्या यंत्रात नव्हतं. भेट म्हणून बनवलेली घड्याळं जमवणारे लोक नेमकं हेच शोधत असतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कोणत्या प्रसंगी दिलं, आणि याचा पुरावा घड्याळाच्या अंगावर कुठे आहे? दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात असे संग्राहक आहेत आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग तपासाचा असतो. खरेदी सगळ्यात शेवटी येते.

दिल्लीला या विषयात वेगळं स्थान आहे. देण्याघेण्याचा राजशिष्टाचार इथे मोगलांपासून चालत आला. नजराणा द्यायचा, खिलत म्हणजे मानाचा पोशाख घ्यायचा. ईस्ट इंडिया कंपनीने ही रीत उचलली आणि तिच्यावर हिशेबाची वही ठेवली. साहेबाला राजाकडून मिळालेली वस्तू सरकारी तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या कोठारात, जमा व्हायची आणि परतीची भेट देताना त्याच तोशाखान्यातून वस्तू निघायची. त्यामुळे एकच वस्तू दोनदा, तीनदा भेट गेल्याची शक्यता असते. एकोणिसाव्या शतकात या देवाणघेवाणीत सोन्याचं खिशातलं घड्याळ मानाचं ठरलं. पाठीवर मीनाकामात राजाचं चित्र काढलेली घड्याळं जिनिव्हा आणि लंडनचे कारागीर खास हिंदुस्थानसाठी बनवत.

मनगटी घड्याळांत सर्वात ठळक उदाहरण जेजर-लकूल्त्र या कंपनीच्या रिव्हर्सोचं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ साली कंपनीने चौकटीतल्या चौकटीत उलटं फिरणारं घड्याळ काढलं. काच आत गेली आणि बाहेर आली धातूची कोरी पाठ. त्या पाठीवर संस्थानिकांनी आपली राजचिन्हं कोरून घेतली, मीनाकामात चित्रं काढून घेतली. १९३६ सालचं, पाठीवर एका भारतीय स्त्रीचं चित्र असलेलं रिव्हर्सो त्यातलं प्रसिद्ध. खेळाच्या सोयीसाठी केलेली जागा नावं आणि चित्रं जपण्याची जागा झाली, हे या घड्याळाचं मोठं भाग्य.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा मान आखाती राजघराण्यांकडे गेला. ओमानचे सुलतान काबूस १९७० साली गादीवर आले. लंडनच्या अ‍ॅस्प्रे या दुकानामार्फत त्यांनी रोलेक्स घड्याळं बनवून घेतली. तबकडीवर ओमानचं राजचिन्ह, म्हणजे म्यानातला खंजीर आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. ओमानच्या धोफार प्रांतातल्या युद्धात त्यांच्या बाजूने लढलेल्या ब्रिटिश सैनिकांनाही अशी घड्याळं मिळाली. जॉर्डनचा मुकुट, अमिरातींचा ससाणा आणि सौदीचं खजुराचं झाड व तलवारी ही चिन्हंही तबकड्यांवर दिसतात. राजवाड्यातल्या भेटी फक्त राजांना जात नसत; वैमानिक, डॉक्टर, अभियंते, अंगरक्षक यांनाही मिळत. आखातात नोकरी केलेल्या माणसांची घरं दिल्लीभोवती कमी नाहीत. कपाटातल्या मखमली डबीत काय आहे हे पुष्कळदा पुढच्या पिढीला ठाऊकही नसतं.

घड्याळ समोर आलं की पहिली पंधरा मिनिटं कुणी किमतीबद्दल बोलत नाही.

डोळ्याला दहापट भिंग लावून संग्राहक आधी चिन्ह पाहतो. कारखान्यात छापलेल्या खंजिराची कड स्वच्छ असते, मुठीवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळत नाहीत. नंतर हाताने छापलेल्या चिन्हाची शाई कडेला फुगते आणि खालच्या रंगावर जाड थरासारखी उभी राहते. मग नजर तबकडीच्या तळाला, सहाच्या आकड्याखाली जाते. तिथे अगदी बारीक अक्षरांत नुसतं ‘स्विस’ आहे की दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर आहे? ‘टी’ म्हणजे ट्रिटियम. अंधारात चमकण्यासाठी आधी रेडियम वापरत, साठच्या दशकात ट्रिटियम आलं. १९५० ची तारीख मिरवणाऱ्या तबकडीवर ‘टी’ सापडला तर ती तबकडी त्या सालची नाही. एवढ्या एका अक्षराने लाखोंचा सौदा मोडतो.

पाठीवरचा कोरीव मजकूर तपासताना बोटाचं टोकही कामाला येतं. पन्नास वर्षं मनगटावर राहिलेल्या सोन्याच्या कडा गोल होतात आणि त्यांच्यासोबत अक्षरांच्या कडाही मऊ होतात. केस, म्हणजे घड्याळाचं कवच, झिजलेली आणि नाव मात्र टोकदार असेल, तर नाव नवं आहे. मीनाकाम असेल तर ते तिरप्या प्रकाशात धरायचं. भट्टीत भाजलेला मीना काचेसारखा असतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगा रंगाने बुजवल्या असतील तर अतिनील दिव्याखाली तो भाग वेगळ्या छटेत दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खोटेपणाने केलेलं नाही, प्रेमाने केलं आहे. आपल्याकडे जुनं घड्याळ दुरुस्तीला गेलं की घड्याळजी ते ‘नव्यासारखं’ करून देतो. तबकडी घासून रंगवतो, केसला बफवर पॉलिश मारतो. गिऱ्हाईक खूश होतं. त्या घासण्यात चिन्ह जातं आणि पॉलिशमध्ये कोरलेली तारीख जाते. पुढे याच कौशल्याचा धंदा झाला. जुन्या स्विस यंत्रावर भडक रंगाची नवी तबकडी बसवलेल्या घड्याळांना जगभरातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तबकडी रंगवणाऱ्या कारागिराचा हात यात कमी दर्जाचा असतो असं नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की डाग पडलेली मूळ तबकडीच मोलाची आहे.

दुसरं नुकसान सराफाच्या मुशीत झालं. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. अनेक घराण्यांच्या तिजोऱ्या उघडल्या आणि वस्तू बाहेर पडल्या. सोन्याची केस वजनावर मोडीत गेली आणि यंत्र पितळेच्या किंवा स्टीलच्या केसमध्ये बसलं. अशी नुसती यंत्रं आजही मिळतात, उत्तम चालतात, आणि कुणाची होती ते सांगू शकत नाहीत. लग्नात सासऱ्याने जावयाला दिलेल्या एचएमटीच्या पाठीवर नाव आणि तारीख घालून घेण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं दुःख लगेच कळेल.

घड्याळ बोलत नसेल तेव्हा कागद शोधावे लागतात. पाटेक फिलिपसारखी कंपनी आपल्या दप्तरातून उतारा देते. त्यात घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं गेलं ते असतं, घेणाऱ्याचं नाव नसतं. रोलेक्स असा उतारा देतच नाही. तबकडीवरच्या दुकानाच्या नावाची मदत होते. १८५८ साली कोलकात्यात सुरू झालेल्या कुक अँड केल्व्हीचं नाव असलेली घड्याळं मुळात स्वित्झर्लंड-इंग्लंडची, पण विकली गेली हिंदुस्थानी दरबारांना. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला गर्दी जमवणारं ते मोठं घड्याळही याच दुकानाचं. या दुकानाची शाखा दिल्लीत कॅनॉट प्लेसला आहे.

आणि जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ब्रिटिश सरकारच्या फॉरेन अँड पोलिटिकल डिपार्टमेंटचं दप्तर तिथे आहे, आणि बराचसा भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो. दरबार, दौरे, भेटींच्या याद्या, तोशाखान्याचा जमाखर्च, सगळं फायलींत बांधलेलं. हे काम चिकाटीचं आहे. कारकुनाला घड्याळाच्या क्रमांकात रस नव्हता, त्याला किंमत आणि पावती हवी होती. तरीही प्रसंग, साल आणि घेणाऱ्याचं नाव जुळलं की घड्याळावरच्या अर्धवट झिजलेल्या अक्षरांना आधार मिळतो. दिल्लीच्या संग्राहकाला जिनिव्हाच्या व्यापाऱ्यापेक्षा सरस ठरवणारी गोष्ट हीच आहे. त्याने तिचा उपयोग आणखी करायला हवा.

तोशाखाना आजही आहे, परराष्ट्र मंत्रालयात. परदेशी पाहुण्यांकडून मिळालेली भेट मंत्री-अधिकाऱ्यांनी तीस दिवसांत तिथे कळवायची असते; पाच हजार रुपयांच्या आतली वस्तू ठेवून घेता येते, त्यावरची हवी असेल तर फरक भरावा लागतो. जमा वस्तूंच्या याद्या मंत्रालय प्रसिद्ध करतं. तीन मूर्ती परिसरात एप्रिल २०२२ मध्ये उघडलेल्या प्रधानमंत्री संग्रहालयात अशा भेटींचं दालनही आहे. असा नियम किती गंभीर असतो ते शेजारी पाकिस्तानात पाहावं. सौदी युवराजांनी २०१८ साली तत्कालीन पंतप्रधान इम्रान खान यांना दिलेलं, तबकडीवर मक्केची प्रतिमा असलेलं ग्राफ कंपनीचं घड्याळ विकलं गेलं आणि तिथल्या तोशाखाना प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना शिक्षा झाली.

खासगी संग्राहकाची गाठ मात्र सीमाशुल्काशी पडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली विमानतळावर दुबईहून आलेल्या एका प्रवाशाकडून सात घड्याळं जप्त झाली. त्यातल्या एकट्या हिरेजडित जेकब अँड कंपनीच्या घड्याळाची किंमत सत्तावीस कोटींच्या वर होती. तेव्हापासून जुनं घड्याळ आणणारा जाणता माणूस पावती, छायाचित्रं आणि मूल्यांकन सोबत ठेवतो, आणि उतरताच वस्तू जाहीर करण्याच्या लाल मार्गिकेत जातो.

बाहेर नेण्याचा नियम याहून कडक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वय कमी असल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळची घड्याळं या मर्यादेत केव्हाच आली. पहिली रिव्हर्सो २०३१ साली येतील. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी पॉलिशवाल्याकडे जाण्याआधी पाठीचं स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावं, आणि घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाला विचारून घड्याळ कुणी, कुणाला, कधी दिलं हे त्या छायाचित्राच्या मागे लिहून ठेवावं.