चतुर जवळून टिपायचा, पण किती जवळून?

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मामा तलावांवर, बोड्यांवर आणि धानाच्या बांध्यांवर चतुर घिरट्या घालू लागतात. त्यांचे फोटो काढणाऱ्यांत एक समज पक्का आहे: मॅक्रो लेन्सशिवाय चतुराचा फोटो निघत नाही आणि जितकं जवळ जाल तितका तो चांगला. साधा हिशेब याच्या उलट जातो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. मॅक्रो लेन्सच्या 'एकास एक' मापात, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा उमटते तेव्हा, 7-8 सेंटिमीटर पंखविस्ताराचा चतुर त्यात मावतच नाही. अख्खा चतुर टिपायला एकास तीनही पुष्कळ झालं, आणि 70-300 मिलिमीटरच्या बऱ्याच साध्या झूम लेन्स दीडेक मीटरवरून एकास चारच्या आसपास पोहोचतात. शिवाय एफ/11 ठेवून एकास एकवर जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते, एकास तीनवर जवळपास आठ. एफ/22 केलं की सगळंच स्पष्ट येईल, हाही भ्रम; छिद्र फार बारीक झालं की प्रकाशाच्या विवर्तनाने सगळं चित्रच मऊ पडतं. त्यापेक्षा सेन्सर चतुराच्या अंगाला समांतर धरणं कितीतरी फायद्याचं.

यावर कोणी म्हणेल, डोळ्यांतली जाळी दाखवायची तर? तिथे मॅक्रोला पर्याय नाही, हे मान्य. पण मोठ्या चतुरांच्या एका डोळ्यात 30 हजारांच्या घरात नेत्रिका असू शकतात, आणि 100 मिलिमीटरच्या मॅक्रोने एकास एक गाठायचं तर लेन्सचं तोंड त्या डोळ्यापासून वीतभराच्याही आत न्यावं लागतं. ज्याचा फोटो हवा तोच डोळा तुम्हाला आधी हेरतो. म्हणून पाठलाग फुकट जातो. ठरलेल्या काडीवर बसणारे नर उडून बहुधा त्याच काडीवर परततात. सावली पडू न देता तिथेच थांबावं. पावसासोबत थव्यांनी येणारा पँटाला फ्लेव्हेसेन्स जातीचा चतुर मात्र दिवसभर हवेतच असतो, त्याच्यासाठी काडी धरून बसण्यात अर्थ नाही. आणि भर उन्हात एखाद्याने शेपटीसारखा भाग सरळ आभाळाकडे उभा केला, तर तो डंख मारायच्या बेतात नसतो. चतुराला नांगी नसतेच. तो भाग म्हणजे त्याचं पोट, आणि अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून केलेली ती सोय.

चतुर फ्रिजमध्ये गारठवून मग निवांत फोटो काढण्याची युक्ती काही जण सांगतात. ती क्रूर तर आहेच, शिवाय फोटोत दिसते ती जिवंत चतुराची बैठक नसते. पहाटे जाण्याचा सल्ला मात्र शास्त्राला धरून आहे: दवाने गारठलेल्या चतुराला स्नायू तापेपर्यंत उडता येत नाही. तरीही तो इथे जसाच्या तसा पाळू नये. ताडोबाच्या गाभ्यात जिप्सीतून उतरायची मुभाच नाही, त्यामुळे हा छंद गावतलावांवरच चालतो. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात वाघ अभयारण्याबाहेरही फिरतो. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला वाकलेल्या माणसांवर या जिल्ह्यांत हल्ले झालेले आहेत, आणि कॅमेऱ्यामागे वाकलेला माणूस याहून वेगळा दिसत नाही. तेव्हा चांगलं उजाडू द्या, गावात विचारून जा, झुडपी काठ सोडून मोकळ्या पाळीवर बसा आणि फक्त आजूबाजूला नजर ठेवणारा एक जण सोबत न्या.