कोळसा संपला, पोकळी उरली. खचणाऱ्या जमिनीची भरपाई कोण देणार?

जळगाव, धुळे – खानदेशच्या पोटात कोळसा नाही. येथील जमीन लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळावर उभी आहे. मात्र भुसावळजवळच्या दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच कोळशावरच चालतात आणि हा कोळसा रेल्वेने बाहेरून येतो. विदर्भातील वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) कंपनीच्या खाणी हा त्याचा एक स्रोत. वीज खानदेशात पोहोचते. कोळसा काढल्यानंतरची पोकळी मात्र वर्धा खोऱ्यातील गावांखाली राहते. त्या पोकळीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी हा प्रश्न एका घराच्या रूपाने समोर आला. अमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले आणि तेथे खोल खड्डा पडला. जमीन हलल्याचे वेळीच लक्षात आल्याने घरातील मंडळी बाहेर पडली व जीवितहानी टळली. या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीचे उत्खनन झालेले असल्याने परिसरातील अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली.

जमीन का खचते?

भूमिगत खाणीत कोळशाचा थर सलग काढला जात नाही. ठरावीक अंतरावर कोळशाचेच खांब ठेवून मधला कोळसा काढला जातो. अखेरच्या टप्प्यात हे खांबही काढले जातात. तेव्हा छत कोसळू दिले जाते किंवा पोकळीत पाण्यासोबत वाळू भरली जाते. वाळूभरणी खर्चिक असते.

खांब तसेच ठेवले तरी धोका संपत नाही. खाण चालू असेपर्यंत पंप सुरू असतात. ती बंद होताच पोकळीत पाणी साठते. ओलाव्याने खांब झिजतात, छताचे थर एकेक करून गळतात आणि पोकळी हळूहळू वर सरकते. खाण उथळ असेल तर ती थेट भूपृष्ठापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात वरची माती जड व सैल झाली, की शेवटचा थर कोसळतो. खाण बंद झाल्यानंतर कित्येक दशकांनीही असे घडू शकते. विदर्भात तर खाणकामाचा इतिहास दीर्घ आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्येच बंद झाली होती.

कायदा काय सांगतो?

इमारती, रस्ते व रेल्वेमार्गापासून ४५ मीटरच्या आत उत्खनन करण्यास धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या पूर्वपरवानगीची अट आहे. पण हा नियम खाण चालू असतानाचा आहे. खाण बंद पडल्यावर वर वस्ती वाढली, तर तो उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण मालकीची. खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १ मे १९७३ रोजी झाले. त्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार त्या तारखेपूर्वीच्या काळातील देणी मूळ मालकाचीच राहिली. ती केंद्र सरकारवर किंवा सरकारी कंपनीवर येत नाहीत. हे मूळ मालक आज शोधायचे कुठे?

कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची अट घातली ती ऑगस्ट २००९ मध्ये. त्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम जमा करायची. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, तर भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये असा मूळ दर होता. भूमिगत खाण भूपृष्ठावर कमी नुकसान करते, असा यामागील विचार. घुग्घुससारख्या घटना नेमक्या याच गृहीतकाला धक्का देतात. त्यातही जुन्या खाणींच्या नावे असा निधी साठलेलाच नाही. २००९ पूर्वी बंद झालेल्या खाणींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आल्या त्या २०२२ मध्ये.

नुकसानग्रस्तांना राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागता येते. २०१० च्या कायद्यात ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व समाविष्ट आहे. परंतु भरपाईसाठीचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. भिंतीला पहिला तडा गेला तो दिवस धरायचा, की घर कोसळले तो, यावर वाद होऊ शकतो. शिवाय घराखाली खाण होती व तिच्यामुळेच घर खचले, हे दाखवण्यासाठी जुने नकाशे लागतात. ते सामान्य रहिवाशाच्या हाती नसतात.

झरिया आणि परदेश

झारखंडमधील झरिया व पश्चिम बंगालमधील राणीगंज येथील आगी आणि खचणाऱ्या जमिनीबाबत खासदार हराधन रॉय यांनी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यानंतर बारा वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, ९,७७३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा बृहत् आराखडा मंजूर झाला. जमिनीची कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांचाही त्यात विचार झाला. वर्धा खोऱ्यासाठी असा आराखडा नाही.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने कोळसा खाणीमुळे खचलेल्या घराची दुरुस्ती करणे किंवा भरपाई देणे बंधनकारक केले. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. जर्मनीत भूमिगत खाणीच्या प्रभावक्षेत्रातील अशा स्वरूपाचे नुकसान खाणीमुळेच झाले, असे कायदा गृहीत धरतो. तसे नसल्याचे कंपनीने दाखवायचे असते. तेथील दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली. मात्र खाणीतील पाणी उपसण्याचा कायमस्वरूपी खर्च त्यासाठीच २००७ मध्ये स्थापन झालेला न्यास उचलतो.

महाराष्ट्रात पहिली पायरी यापेक्षा साधी असू शकते. जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे गावाच्या नकाशावर बसवून ग्रामपंचायती व नगरपालिकांत जाहीरपणे लावता येतील. पायाखाली काय आहे हे कळले, तर घर कुठे बांधू नये हे लोकांना ठरवता येईल आणि बांधकामाला परवानगी कुणी दिली, हेही विचारता येईल. भरपाईचा खर्च कोळशाच्या किमतीत आधीच धरायचा, की घर गमावणाऱ्याच्या माथी मारायचा, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर विजेच्या बिलापर्यंत जाते, म्हणून तो केवळ घुग्घुसचा नाही. जळगाव आणि धुळ्याचाही आहे.