साध्या मजकुरापासून सचित्र पानापर्यंत
(लेखांक सहावा)

जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन ही खुणापद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचा मुख्य आग्रह असा होता की, खुणा घातलेला मजकूर कोणत्याही रूपांतरावाचून, आहे तसाच, वाचता आला पाहिजे; आणि या पद्धतीचे सारे सामर्थ्य माझ्या मते या एकाच आग्रहात साठलेले आहे. असा मजकूर वेबपानाचे रूप कसा धारण करतो, आणि चित्र, ध्वनी व चलचित्र यांना त्या पानात स्थान कसे मिळते, हा आजचा विषय.

बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सिद्ध केलेली पॅनडॉक ही आज्ञावली उदाहरणादाखल घेऊ. खूण दिसली की तिच्या जागी एचटीएमएलचा टॅग घालावा, अशी तिची रीत नाही. प्रथम ती समग्र मसुदा वाचते, त्यातील शीर्षके, परिच्छेद, याद्या, चित्रे यांचे परस्परसंबंध निश्चित करून एक वृक्षाकार रचना मनाशी धरावी तशी स्मृतीत उभारते, आणि मगच त्या रचनेवरून अपेक्षित रूपातील पान लिहावयास घेते. या व्यवस्थेचा लाभ मोठा आहे: दहा प्रकारचे दस्तऐवज दुसऱ्या दहा प्रकारांत न्यावयाचे असतील, तर शंभर स्वतंत्र रूपांतरकांऐवजी दहा वाचक आणि दहा लेखक एवढीच तजवीज पुरते.

चित्रासाठी मसुद्यात उद्गारचिन्ह, त्यापुढे चौकटी कंसात वर्णन आणि गोल कंसात फाइलीचे नाव, इतकेच लिहावे लागते. फाइल एमपी३ अथवा एमपी४ असेल, तर पॅनडॉक त्याच खुणेवरून ध्वनीची अथवा चलचित्राची योजना करते. वर्णन लिहिण्यात पुष्कळ लेखक कुचराई करतात. ती अक्षम्य होय, कारण दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर जे वाचून दाखवते ते हेच वर्णन असते.

खरी अडचण पुढेच आहे. पानात चित्र नसते, त्याचा केवळ पत्ता असतो. पान एकटेच दुसऱ्याकडे पाठविले की चित्राची जागा रिकामी दिसते. यावर उपाय म्हणून पॅनडॉकला 'एम्बेड-रिसोर्सेस' असा हुकूम देता येतो. मग चित्राचे बाइट बेस-६४ या पद्धतीने अक्षररूपात पानातच लिहिले जातात: तीन बाइटांचे चोवीस बिट सहा-सहांच्या चार गटांत विभागून प्रत्येक गटास चौसष्ट चिन्हांपैकी एक नेमून दिले जाते. तिनांचे चार झाल्याने आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. सहा एमबीचे ध्वनिमुद्रण आठ एमबी जागा अडविते.

म्हणून आकृत्या आणि लहान छायाचित्रे पानात अवश्य सामावून घ्यावीत, परंतु व्याख्यानाचे तासाभराचे चलचित्र स्वतंत्रच ठेवावे, कारण त्याच्या भाराखाली पान उघडणेच मुष्किलीचे होईल. आणि पान कितीही स्वयंपूर्ण झाले तरी मसुदा व माध्यमांच्या मूळ फाइली एकाच फोल्डरात जपून ठेवाव्यात, ही वाचकांस विनंती. दुरुस्ती मसुद्यातच करावयाची असते, आणि पान त्यावरून केव्हाही नव्याने काढता येते.