दिवाळी-अखाजीला घर भरतं, तेव्हा ‘घरशाळे’चं काय? समजून घ्या सुट्टी, परीक्षा आणि कायद्याचं गणित

सुरतेहून काका-काकू, पुण्याहून आत्या, माहेरपणाला आलेली लेक आणि तिची मुलं. दिवाळीत किंवा अखाजीला (अक्षय तृतीया) जळगाव-धुळ्याकडच्या घरात एकाच वेळी आठ-दहा मुलं जमणं नवं नाही. शाळेत जाणाऱ्यांना सुट्टी जाहीर झालेली असते. पण ज्यांचं शिक्षण घरीच सुरू आहे, त्यांना सुट्टी कोण देणार? आणि किती?

खान्देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचेही दिवस. घंटा नसलेल्या घरात सुट्टी, अभ्यास आणि काम यांच्यातली रेषा पालकांनाच आखावी लागते.

होमस्कूलिंगला परवानगी आहे का?

शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं तो सांगतो, पण तसं न करणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगला या कायद्यात स्पष्ट परवानगीही नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. म्हणूनच ‘घरी शिकणारं मूल’ आणि ‘शाळाबाह्य मूल’ यातला फरक कागदावर नव्हे, तर रोजच्या अभ्यासात दिसावा लागतो.

सुट्टी दिली तर अभ्यास बुडतो का?

थोडा हिशेब करू. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण २२० दिवस आणि १,००० तास आहे. हे बंधन शाळांवर आहे, पण घरासाठी मोजपट्टी म्हणून ते उपयोगी पडतं.

समजा, दिवाळीचे १५, अखाजीचे १५ आणि वर्षाचे ५२ रविवार पूर्ण सुट्टी दिली. तरी २८३ दिवस उरतात. लहानांचे ८०० तास भरायला रोज सुमारे २ तास ५० मिनिटं, तर मोठ्यांचे १,००० तास भरायला साधारण साडेतीन तास पुरतात. म्हणजे सणाच्या गर्दीत पाहुण्यांसमोर मुलाला पुस्तक घेऊन बसवण्याची गरज नाही. मात्र उरलेले २८३ दिवस खरोखर पाळायला हवेत.

परीक्षा नेमक्या सणातच

दहावीच्या वयाच्या मुलांचं गणित वेगळं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिली अखाजीच्या, तर दुसरी दिवाळीच्या आसपास. म्हणजे घर सर्वांत जास्त भरलेलं असतानाच परीक्षा.

दिलासा असा की, दहावीसाठी किमान वय १४ असून नोंदणी ५ वर्षं चालते आणि त्यात ९ संधी मिळतात. सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. त्यामुळे सणाच्या सत्रात एक-दोनच विषय ठेवता येतात. राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. जळगाव, धुळे हे जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. हा अर्ज परीक्षेच्या बराच आधी भरायचा असतो. दिवाळीनंतर बघू म्हटलं, तर उशीर होऊ शकतो.

दहा मुलं, एकच झोका

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असणं ही अडचण वाटते, पण तीच सोय होऊ शकते. अखाजीचा झोका घ्या. लहान मुलांनी झोके मोजायचे, मधल्यांनी मोबाइलवर वेळ लावायची, मोठ्यांनी दोरीची लांबी बदलून आलेख काढायचा. झोका हलका असेल तर १ मीटर दोरीला एका फेरीला सुमारे २ सेकंद लागतात, ४ मीटरला सुमारे ४. दोरी चौपट, वेळ दुप्पट. झोक्यावर लहान बसो की मोठा, वेळ जवळपास सारखाच. लंबकाचा हा धडा असा अंगणात शिकता येतो.

दिवाळीत सहा जणांच्या चिवड्याचं प्रमाण अठरा जणांसाठी काढणं, हे गुणोत्तर. सुरतेच्या भावंडांकडून गुजराती अक्षरं शिकणं आणि त्यांना आजीची अहिराणी ऐकवणं, ही भाषा.

शिकवणार कोण?

घरचं शिक्षण बहुतेक वेळा आईवर येतं. सणात फराळ, साफसफाई, पाहुणेही तिच्याकडेच. त्यामुळे या दिवसांत एक-एक तास काका, आत्या किंवा कॉलेजात शिकणाऱ्या भावंडानं घ्यावा, हे आधीच ठरलेलं बरं. नाहीतर सुट्टी मुलांना मिळते, आईला नाही.

कापूस वेचायला नेलं तर?

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्यांना मदत करण्याची सूट आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत आणि काम धोक्याचं नसेल तरच. २०१७ च्या नियमांनुसार दिवसात ३ तासांहून जास्त मदत घेता येत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत तर नाहीच. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला नेणं थेट बेकायदा आहे.

घरी शिकणाऱ्या मुलाला ‘शाळेची वेळ’ नसते. म्हणूनच अभ्यासाचे तास भिंतीवर लिहिलेले हवेत. नाहीतर ‘आज सुट्टी’ म्हणत वेचणीचा अख्खा हंगाम निघून जातो.

नोंद का ठेवायची?

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात, घरात सुचलेली त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण घरातल्या लिहित्या हातांनी ती उतरवून ठेवली. घरच्या शिक्षणालाही हे लागू पडतं. तारीख, विषय, किती वेळ आणि मुलानं काय केलं, एवढी वही पुरे.

ही वही पुढेही कामाला येते. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. वर्षाच्या मध्येच आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. घरशाळा जमली नाही तर परतीचा रस्ता उघडा आहे. मूल नेमकं कुठवर पोहोचलं आहे, हे त्या दिवशी शिक्षकांना ही वहीच सांगेल.