पान गळतें, कीं झाड तें गाळतें?

डाळिंबाचा बहार धरतांना पानगळीसाठीं इथेफॉन फवारण्याची चाल आतां पुष्कळ ठिकाणीं रुळली आहे. परंतु एकच औषध एका बागेंत झाडें मोकळीं करतें, तर शेजारच्या बागेंत निम्मीं पानें हिरवींच राहतात. मग बागाईतदार औषधास दोष देऊन प्रमाण वाढवितो. आणि बहार फसला म्हणजे वर्षाचें उत्पन्न गेलें. आमच्या मतें दोष बहुधा औषधाचा नसतो.

पान तुटावयाचें तें देठाच्या बुडाशीं असलेल्या लहान पेशींच्या थरांत. पान सशक्त आहे तोंवर त्याच्या पात्यांतून ऑक्झिन हें संप्रेरक या थराकडे अखंड वाहत असतें, व थर इथिलीनला दाद देत नाहीं. पान जून झालें अथवा पाणी तोडलें, कीं हा ओघ आटतो आणि इथिलीनचा अंमल सुरू होतो. थरांतील सुप्त जनुकें जागृत होतात. त्यांच्या हुकमानें सेल्युलेज व पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज हीं विकरें तयार होतात. पहिलें पेशींच्या भिंती पोखरतें, दुसरें त्यांना जोडणारें पेक्टिन विरघळवितें. मग वाऱ्याची झुळूकही पुरते. मागें राहिलेल्या जागेवर बुचासारखें आवरण धरतें.

इथिलीन हा वायु आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत रस्त्यावरील दिव्यांच्या गॅसचे नळ जेथें झिरपत, तेथील झाडें अवेळीं उघडीं पडत. त्या गॅसांतील इथिलीनच वनस्पतींवर परिणाम करतें, असें रशियांतील नेल्युबोव्ह यांनीं १९०१ सालीं वाटाण्याच्या रोपांवर दाखविलें. इथेफॉन हें जणूं या वायूचें बांधून ठेवलेलें रूप. आम्ल द्रावणांत तें टिकतें व पेशींत शिरल्यावर फुटून इथिलीन सोडतें. यास्तव द्रावण ताजेंच वापरावें. क्षारयुक्त पाण्यांत रात्रभर ठेवल्यास तें टाकींतच फुटूं लागतें.

आतां शेजारच्या बागेचें कोडें सुटतें. ताण पुरता बसला नसेल, तर पात्यांतून ऑक्झिन येतच असतें. मग बाहेरून दिलेलें इथिलीन कोणावर अंमल करणार? भारी काळ्या जमिनींत ओल टिकते, म्हणून तेथें ताणास अधिक दिवस लागतात. अशा वेळीं मात्रा वाढविल्यास हट्टी पानें गळतीलही, पण शेंडे वाळतात व पुढील फुटीचे डोळे दुखावतात. ३९ टक्के इथेफॉन लिटरास २ ते २.५ मिलिलिटर, त्यांत डीएपी ५ ग्रॅम, ही प्रचलित शिफारस ताण बसलेल्या बागेसाठींच आहे. पानें पिवळट पडून कांहीं आपणहून गळूं लागलीं, म्हणजे पंप काढावा.