ढिगाला जागा कोण दाखवतं?

कुपवाडच्या कुठल्याही उपनगरात सकाळी एक फेरी मारा. सफाई कामगार कोपरा झाडून गेलेले असतात, घंटागाडी दारावरून गेलेली असते. अकरा-बाराला परत या. त्याच विजेच्या खांबाखाली, त्याच बोळाच्या तोंडाशी पाच-सहा पिशव्या येऊन बसलेल्या दिसतील. पंधरा-वीस पावलांवरचा दुसरा कोपरा मात्र स्वच्छ. खांब तिथंही आहे, भिंत तिथंही आहे. कुणी ठराव केलेला नाही, शेजारी एकमेकांशी याबद्दल चकार शब्द बोललेले नाहीत. तरीही पिशवी कुठं टाकायची, हे शे-दीडशे घरांना नेमकं ठाऊक असतं. एवढ्या माणसांचं न बोलता एकमत होतं, याचा मला फार अचंबा वाटतो. आणि हे कसं होतं ते कळलं की आपण रस्त्यावर गाडी जशी चालवतो, त्यातलंही बरंच काही कळतं.

सुरुवात अगदी लहान वस्तूपासून करू. मावा. टपरीवाला तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा पसरतो, त्यावर सुपारी, तंबाखू, चुना घालतो, चारी टोकं गोळा करून पुरचुंडी घोटतो आणि रबर लावून पुढं करतो. एमआयडीसीत शिफ्ट सुटते, पुरचुंडीचं रबर निघतं, मावा गालात जातो आणि चुन्यानं चिकट झालेला तुकडा बोटांतून खाली पडतो. वजन ग्रॅमभरसुद्धा नाही. तो डांबराला असा चिकटतो की झाडूला दाद देत नाही. पाऊस आला की मात्र सुटतो आणि वाहत जाऊन गटारीच्या जाळीवर बसतो. असे तुकडे, त्यांत दोन वेफर्सची पाकिटं आणि एक चहाचा कप जमला की जाळी बुजते आणि पाणी रस्त्यावर येतं. साचलेलं पाणी डांबर उखडतं, खड्डा पडतो, खड्डा चुकवायला दुचाकी एकदम उजवीकडं वळते आणि मागून येणाऱ्या टेम्पोला ते अपेक्षित नसतं. जाळीतून निसटलेलं प्लॅस्टिक नाल्यात, नाल्यातून नदीत. सांगलीत शेरीनाला कृष्णेला मिळतो तिथं काय काय वाहत येतं, ते जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नको.

आता त्या टपरीसमोरची जमीन नीट बघा. झाडलेल्या जमिनीवर पडलेला पहिला तुकडा लांबूनही डोळ्यांत भरतो. पंधरावा तुकडा टाकणाऱ्यालाही दिसत नाही. डोळ्यांच्या या वागण्याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पार्किंगमध्ये त्यांनी गाड्यांच्या काचांवर पत्रकं अडकवून ठेवली. पत्रकावरचा मजकूरही गाडी जपून चालवा, अशाच अर्थाचा होता. मालक येऊन त्या पत्रकाचं काय करतो, एवढंच लपून पाहायचं. आवार स्वच्छ असताना शंभरातल्या १४ जणांनी पत्रक खाली टाकलं, कचरा पसरलेला असताना ३२ जणांनी. इथवर कुणालाही पटेल.

पुढची गंमत वेगळी. मालक गाडीकडं येत असताना प्रयोगातलाच एक माणूस त्याच्या देखत कागद फेकून जायचा. घाणेरड्या आवारात हे पाहिल्यावर फेकणारे थेट ५४ झाले. स्वच्छ आवारात मात्र, तोच माणूस तसाच कागद फेकत असताना, फेकणारे १४ वरून ६ वर आले! एकाच कृतीचे दोन उलटे परिणाम. स्वच्छ जागी पडलेला एकुलता कागद बघणाऱ्याला आठवण करून देतो की इथं कुणी टाकत नाही. घाणीत पडलेला कागद सांगतो की इथं सगळेच टाकतात. हे आकडे त्या एका आवाराचे आहेत, कुपवाडात हुबेहूब तेच येतील असं नाही. पण आपल्या कोपऱ्यावर अशीच काहीतरी गोष्ट घडत असते, हे ढिगाजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी पटतं.

मग ढीग सुरू कुणामुळं होतो? याचं उत्तर मला माहीत असलेल्या सगळ्या समाजशास्त्रात सर्वांत थक्क करणारं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ साली ते मांडलं. त्यानं उदाहरण घेतलं होतं दंगलीचं, आपण ते आपल्या गल्लीत आणू.

समजा, गल्लीत शंभर घरं आहेत आणि प्रत्येक घराचा एक आकडा आहे. आधी किती पिशव्या पडलेल्या दिसल्या म्हणजे आपणही टाकायला हरकत नाही, असं त्या घराला वाटतं, तो आकडा. एका घराचा आकडा शून्य. ते कुणाची वाट पाहत नाही, सरळ टाकतं. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्या घराचा ९९. पहिल्यानं टाकली. ती पाहून एक आकडा असलेल्यानं टाकली. दोन दिसल्यावर तिसऱ्यानं. दुपारपर्यंत शंभर पिशव्या. ज्या घराला खरोखर किळस येते, ९८ पिशव्या पडल्या तरी जे आपली पिशवी घरातच ठेवतं, तेही शेवटी टाकून मोकळं होतं.

आता शेजारची गल्ली. तिथंही शंभर घरं, सगळे आकडे तेच. फक्त ज्या घराचा आकडा एक होता, त्याचा दोन आहे. एवढाच फरक. पहिल्यानं पिशवी टाकली. दुसरा पाहतो, एकच पडलीय, मला दोन दिसायला हव्यात. तो टाकत नाही. तो टाकत नाही म्हणून तिसरा टाकत नाही, म्हणून चौथाही नाही. दिवसअखेर त्या गल्लीत पिशवी एक. इकडं शंभर, तिकडं एक.

पाहुणा आला तर म्हणेल, पहिल्या गल्लीतली माणसं गलिच्छ आणि दुसरीतली सुसंस्कृत. नव्व्याण्णव घरांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत, हे त्याला कसं कळावं? ‘आपले लोकच तसले’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो! मला ते आता म्हणवत नाही. बहुतेक लोक तसले नसतातच. ते बघत असतात.

खऱ्या गल्लीत आकडे इतके ओळीनं लावलेले नसतात, ते दिवसागणिक बदलतात, हे खरं. पण ओळीतल्या पहिल्या दोन-तीन माणसांवर सगळं अवलंबून असतं, हा गाभा टिकतो. आणि तो पाहायचा असेल, तर बंद रेल्वे फाटकावर जा. मिरजेच्या आसपास राहणाऱ्याच्या आयुष्यातले कितीतरी तास फाटकापुढं गेलेले असतात. फाटक पडतं. पहिल्या दहा-बारा गाड्या डाव्या बाजूला रांगेत शिस्तीत उभ्या राहतात. मग एक दुचाकी उजवीकडून पुढं सरकते आणि थेट फाटकाच्या दांडीला टेकते. तिच्यामागं दुसरी. दोन दुचाकी गेल्यावर रिक्षाला धीर येतो, रिक्षामागं मोटार. पलीकडच्या बाजूलाही हेच. रेल्वेगाडी मिनिटभरात निघून जाते, फाटक वर जातं आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण रस्ता भरून एकमेकांसमोर ठाकलेल्या गाड्या. हंगामात त्यातच दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागं कुठंतरी मिरजेच्या दवाखान्याकडं निघालेली रुग्णवाहिका सायरन वाजवत अडकलेली. एकटी पहिली दुचाकी एवढं करू शकत नव्हती. दुसरी तिच्यामागं गेली, तेव्हा कोंडी पक्की झाली.

डोळ्यांना जे लागू, तेच कानांना. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात कीस कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यातला एक मला विसरता येत नाही. तिकडं नववर्षाच्या आधीच्या आठवड्यांत फटाके उडवायला कायद्यानं बंदी असते. रेल्वे स्थानकाबाहेर लावलेल्या सायकलींना पत्रकं अडकवली. एरवी शंभरातल्या ५२ जणांनी पत्रक जमिनीवर टाकलं. पण जवळच कुठंतरी फटाके वाजत असल्याचा आवाज कानी आला, तेव्हा ८० जणांनी! फटाक्याचा आणि कागदाचा काय संबंध? जमिनीवरची घाण जराही बदललेली नव्हती. एक नियम मोडला जातोय एवढं नुसतं ऐकू आलं आणि दुसरा भलताच नियम सैल झाला.

कर्णकर्कश हॉर्न आणि फाडलेल्या सायलेन्सरचा आवाज मी तेव्हापासून वेगळ्या काळजीनं ऐकतो. आपल्याकडं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. डेसिबलचा हिशेब असा की दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ च्या जागी ९५ डेसिबलचा हॉर्न म्हणजे दहा हजारपट. आणि हे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीत, जिथं मिरजेतले कारागीर तंबोऱ्याची जवारी निव्वळ कानानं लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढा तयार कान आपल्याच शहरात आहे!

वेगाचंही सांगायलाच हवं, कारण वेग हा तर डोळ्यांपुढून निघून जाणारा नमुना. मागचा पुढच्याचा वेग पाहून आपला ठरवतो. वसाहतीतल्या रस्त्यावर चेंडूमागं एक मूल धावत येतं. गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वेगात असेल, तर मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती सव्वाआठ मीटर जाते आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी सहाएक मीटरवर थांबते. एकूण चौदा मीटर. आता वेग ५० धरा. त्याच एका सेकंदात गाडी चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे ३० ची गाडी जिथं थांबली, तिथं ५० च्या गाडीचा ब्रेक नुकता कुठं दाबला जातोय, वेग अजून पूर्ण ५० चाच आहे. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं, तेव्हा पुन्हा पुन्हा तपासलं. आणि ३० ऐवजी ५० नं गेल्यानं एका किलोमीटरमागं वाचतात ४८ सेकंद. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. दर शंभरात ४४ दुचाकीवरची होती, १९ पायी चालणारी.

मग बदल होतो कसा? ‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी ढिगाच्या डोक्यावर लावून तो होत नाही. उलट पाटी सांगते की लोक इथंच टाकतात. दंड हवाच, पण दंड करणारा माणूस चोवीस तास खांबाला टेकून उभा राहू शकत नाही. चाल्डिनींच्याच गटानं १९९३ साली आणखी एक निरीक्षण मांडलं. समोरचा माणूस वाकून दुसऱ्यानं टाकलेला कचरा उचलताना दिसला, तर जागा स्वच्छ असो की घाणेरडी, पाहणाऱ्यांचं कचरा टाकण्याचं प्रमाण एकदम कमी होतं.

हे वाचताना मराठी माणसाला गाडगेबाबा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. बाबा गावात येत, कुणाशी न बोलता खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत, आणि कीर्तन रात्री. हा क्रम उलटा नव्हता. सबंध गावानं दिवसभर डोळ्यांनी पाहिल्यावर मग कानांवर शब्द. बाबा १९५६ साली गेले. त्यांच्या नावानं २००० साली सुरू झालेलं ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या, तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांनी. आबा तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. त्या अभियानात गावं एकमेकांशी चुरस करत होती आणि झाडू हातात घेतलेला सरपंच गावाला दिसत होता. मला त्यातलं बक्षिसापेक्षा हे दिसणं मोठं वाटतं.

गावांना जमलं ते शहराला अवघड जातं, कारण शहरात माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांवर गेली. पाच लाखांत आपण कोण, असं वाटणं साहजिक आहे. पण वरचा सगळा हिशेब पाच लाखांचा नाहीच. तो एका खांबाचा, एका टपरीचा, एका फाटकाचा आहे, आणि तिथं बघणारी माणसं दहा-वीसच असतात. म्हणून अनेक शहरांत ढीग हलवल्याबरोबर त्या जागी रांगोळी काढतात, कुंड्या ठेवतात. त्या जागी पहिली पिशवी टाकणाराच मग बिचकतो.

तेव्हा कुपवाडकरांना आणि सगळ्याच शहरवासीयांना एवढीच विनंती. माव्याचा तुकडा पुढची कचरापेटी येईपर्यंत खिशात राहू द्या. सकाळी झाडलेल्या कोपऱ्यावर एक पिशवी पडलेली दिसली, तर तिच्याशेजारी दुसरी ठेवू नका. वसाहतीत शिरताना वेग तिसावर आणा, मागचा हॉर्न वाजवत असला तरी. आणि फाटक बंद असताना एखादी दुचाकी उजवीकडून पुढं गेली, तर तिच्यामागं जाणारे दुसरे तुम्ही होऊ नका. डावीकडंच थांबा.